सुगंधी तेलांची तणनाशकं: पंधराव्या दिवशी काय दिसतं?

किहीमच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात शिरलं की पायाखालची जमीन बदलते. बाहेर वाळूवर मर्यादवेल पसरलेली असते, कुंपणाच्या कडेने घाणेरी आणि रानमोडी माजलेली असते. आत मात्र सुरूच्या तपकिरी काड्यांचा जाड थर असतो आणि त्यातून जेमतेम एखादं पातं वर आलेलं दिसतं. 'सुरूखाली काही येत नाही' हे वाडीत काम करणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण का येत नाही? सावलीमुळे, खाऱ्या वाऱ्यामुळे, काड्यांच्या थरामुळे, की झाडच काही सोडतं म्हणून? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात १९९०च्या दशकात सुरूच्या पाचोळ्यातून निथळणाऱ्या पाण्याचा भात आणि चवळीच्या रुजण्यावर काय परिणाम होतो, हे तपासलं गेलं होतं. म्हणजे ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती.

एक वनस्पती दुसरीला जवळ येऊ देत नसेल, तर ती ताकद बाटलीत भरून तणावर फवारता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. या ताकदीचा सर्वांत जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे वनस्पतींची सुगंधी तेलं. लवंग, दालचिनी, गवती चहा, निलगिरी, सिट्रोनेला यांच्या पानांतून, सालींतून किंवा कळ्यांतून वाफेवर काढलेली, हवेत उडून जाणारी तेलं. त्यांच्यावर गेल्या काही दशकांत भरपूर काम झालं आहे. त्यातलं काय टिकलं, काय टिकलं नाही आणि अलिबाग तालुक्यातल्या एखाद्या वाडीला त्यातून काय घेता येईल, हे इथे मांडतो.

प्रश्न आताच का?

कोकणातल्या भातशेतीने तणाशी लढण्याच्या रीती फार पूर्वी बसवल्या. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, कवळं पसरून जाळायचं. त्यात वरच्या थरातलं तणाचं बी जळतं. मग चिखलणी, खाचरात साठवलेलं पाणी आणि लावणीनंतर बेणणी. लावणीनंतरचे पहिले तीस-चाळीस दिवस तण काढलं तर भात वाचतो. हे सगळं माणसांच्या हातांवर चाललं, त्यातही बायकांच्या हातांवर.

ते हात आता कमी झाले आहेत. मांडवा बंदर जवळ असल्याने किहीम, झिराड, सासवणे हा पट्टा मुंबईशी आधीपासून बांधलेला होता. २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि ते अंतर आणखी कमी झालं. जमिनी बंगल्यांच्या झाल्या, गावातली माणसं बंगल्यांच्या कामाला लागली आणि बेणणीला माणूस मिळेना. पंप पाठीवर घेऊन 'औषध मारणं' सोपं वाटू लागलं. याच रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा राइस तंत्र चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळतं. गादीवाफ्यावर भात टोकायचा आणि जमीन पुन्हा नांगरायची नाही. जमिनीचा कस आणि मजुरी या दोन्ही बाबतींत त्याने अनेक शेतकऱ्यांना आधार दिला. पण नांगर थांबला की तणाचा भार तणनाशकावर येतो, हेही त्यात दिसतं.

आणि तणनाशकांबद्दलची अस्वस्थता खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते मत मान्य केलं नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत करावी, असा निर्बंध घातला. शिवाय तेच ते रसायन वर्षानुवर्षं मारलं की तण त्याला पुरून उरतं. हरियाणात गव्हातल्या एका तणाने १९९०च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं बंद केलं आणि पिकं हातची गेली. म्हणून नवा, सौम्य, घरचा मार्ग शोधणाऱ्याला मी भाबडा म्हणणार नाही. त्याला पुरेशी आणि खरी माहिती मिळाली पाहिजे, एवढंच.

कॅलिफोर्नियातलं मोकळं वर्तुळ

एक वनस्पती दुसरीवर रसायनांतून परिणाम करते या कल्पनेला १९३७मध्ये हान्स मोलिश यांनी 'अ‍ॅलेलोपॅथी' हे नाव दिलं. तिला प्रसिद्धी मिळाली ती कॅलिफोर्नियातल्या सुगंधी झुडपांमुळे. तिथे सेजच्या झुडपांभोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा दिसे आणि त्यापलीकडे गवत सुरू होई. १९६४मध्ये सी. एच. मुलर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की झुडपाच्या पानांतून उडणारी टर्पीन वर्गातली द्रव्यं गवताचं बी रुजू देत नाहीत. सुगंधच पहारा करतो, ही कल्पना इतकी देखणी होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली.

१९७०मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू यांनी एक साधी गोष्ट केली. त्या मोकळ्या पट्ट्यात त्यांनी जाळीचे पिंजरे ठेवले, उंदीर-पक्षी आत जाऊ नयेत म्हणून. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. झुडपाच्या आडोशाने राहणारे उंदीर आणि पक्षी जवळच्या पट्ट्यातलं बी आणि कोंब खाऊन टाकत होते. ती द्रव्यं बंद डब्यात बी मारतात हे खोटं नव्हतं, पण शेतात दिसणाऱ्या दृश्याचं कारण मोठ्या प्रमाणात वेगळं होतं.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. डब्यात जे घडतं ते शेतात घडेलच असं नाही, हे या विषयातलं पहिलं आणि सर्वांत महागात पडलेलं शहाणपण आहे. सुरूखालच्या उघड्या जमिनीबद्दलही तेच. पाचोळ्याच्या पाण्याने बी रुजलं नाही, तरी सावली आणि काड्यांचा थर यांचा वाटा वेगळा काढून पाहिल्याशिवाय निकाल देता येणार नाही.

पानावर नेमकं काय होतं?

तेल थेट पानावर फवारलं तर मात्र चित्र स्पष्ट आहे. ते पानावरच्या मेणाच्या थरातून आत शिरतं आणि पेशींची आवरणं फाडतं. पेशीतलं पाणी आणि क्षार बाहेर झिरपतात, पान आधी काळपट, ओलसर दिसतं आणि मग करपतं. अमेरिकेच्या कृषी विभागातले थॉमस ट्वॉरकोस्की यांनी २००२मध्ये पंचवीस तेलं तपासली. लाल थाइम, समर सेवरी, दालचिनी आणि लवंग ही चार सर्वांत जहाल निघाली. ५ ते १० टक्के तेल, सोबत पानावर चिकटून राहण्यासाठीची द्रव्यं, असं मिश्रण त्यांनी कुंड्यांतल्या तणांवर मारलं. त्यात आपण ज्याची भाजी करतो ते चाकवतही होतं. एका तासापासून एका दिवसाच्या आत रोपांचे शेंडे मेले. त्यांच्या दालचिनी तेलातलं मुख्य द्रव्य युजेनॉल होतं, जे लवंगेतही असतं. दाढदुखीवर लवंगेचा बोळा ठेवल्यावर जी बधिरता येते, ती याच द्रव्यामुळे.

भारतात चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या हरमिंदर पाल सिंग, डेझी बातिश आणि रवींदर कोहली यांच्या गटाने हा अभ्यास पुढे नेला. त्यांनी लिंबासारख्या वासाच्या निलगिरीचं तेल गाजरगवतावर वापरलं. गाजरगवत आपल्याला नवं नाही. ते भारतात नोंदलं गेलं ते १९५०च्या दशकात पुण्यात. या तेलाने गाजरगवताचं बी रुजणं थांबलं आणि फवारलेल्या रोपांचं हरितद्रव्य घटून ती सुकू लागली. त्यातलं सिट्रोनेलाल हे मुख्य द्रव्य आपल्या ओळखीचं आहे, कारण डास पळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेलाच्या तेलातही ते असतं.

तेव्हा ही तेलं तणावर चालतात का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या उत्तराची मर्यादा दुसऱ्या आठवड्यात दिसते.

जमिनीखालचं तण

सुगंधी तेल जिथे लागतं तिथेच मारतं. ग्लायफोसेट पानातून शिरून रसवाहिन्यांनी मुळापर्यंत जातं, तेलाला तो प्रवास जमत नाही. म्हणून फवारणीनंतर तण दोन गटांत विभागलं जातं. बीपासून नुकतं उगवलेलं, दोन-चार पानांचं रुंद पानाचं रोप मरतं आणि परत येत नाही. गवताचं मात्र वाढीचं टोक जमिनीलगत, आवरणांच्या आत सुरक्षित असतं. वरची पाती करपली तरी तिथून नवी पाती निघतात. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात बॉइड आणि ब्रेनन यांनी लवंग तेलाचं तणनाशक तपासलं, तेव्हा बर्निंग नेटल (अंगाला लागलं की आग होते ते तण) आणि घोळ या तणांची वाढ नव्वद टक्के रोखायला हेक्टरी साधारण १२ ते ६० लिटर तेल लागलं आणि राय हे गवत तेवढ्यानेही हटलं नाही.

आपल्या वाडीत याचं सर्वांत कठीण उदाहरण लव्हाळ्याचं. वर तीन-चार हिरवी पाती, खाली गाठींची माळ. पाती करपवली की गाठ पुन्हा कोंब देते, आणि माळेतली एखादी गाठ तुटून बाजूला पडली तर तीही. याच गाठी उन्हात वाळवल्या की नागरमोथा होतात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. त्यांच्यातही सुगंधी तेल असतं, अत्तरवाले ते गाळून घेतात. पण ज्याच्या गाठी जमिनीखाली आहेत अशा तणावर वरून तेल मारून त्याचा बीमोड होईल, ही अपेक्षा करू नये. हराळीचंही तेच, आणि कापली की बुंध्यातून फुटणाऱ्या जुन्या रानमोडीचंही.

म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवसाचा फोटो कुणी दाखवला, तर पंधराव्या दिवसाचा मागावा.

एका गुंठ्याचा हिशेब

आता खर्चाकडे येऊ, कारण घरच्या घरी तेल गाळण्याचं स्वप्न इथेच तपासलं जातं. एका गुंठ्यावर तण नीट ओलं व्हायला पाच लिटर पाणी धरा. पाच टक्क्याने त्यात पाव लिटर तेल जाईल. कोकणातल्या घरोघरी परसात असणाऱ्या गवती चहाच्या ओल्या पानांतून वजनाच्या साधारण ०.३ ते ०.५ टक्के तेल मिळतं. म्हणजे त्या पाव लिटरसाठी पन्नास ते पाऊणशे किलो पाती कापून वाफेवर चढवायची. एकराला दहा लिटर तेल आणि दोन-तीन टन गवत लागेल. त्याला लागणारं सरपण वेगळंच. ग्लायफोसेट एकराला साधारण लिटरभरात भागतं. या दोन आकड्यांमधलं अंतर जाहिरातीने भरून निघत नाही.

महाराष्ट्राला गवताचं तेल गाळणं अपरिचित नाही. खानदेशात तिखाडी, म्हणजे रोशा गवतापासून तेल काढण्याच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात चालत आणि ते तेल पार तुर्कस्तानच्या बाजारात गुलाबाच्या अत्तरात मिसळायला जाई. ते एवढं दूर विकलं गेलं, कारण त्याचे थेंब मोलाचे होते. तणावर ओतण्याइतकं ते कधीच स्वस्त नव्हतं.

कोकणात एक वाट मात्र मला विचार करण्याजोगी वाटते. नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, काळी मिरी लावण्याची रीत कोकण कृषी विद्यापीठाने रुजवली. दालचिनीची 'कोकण तेज' ही जात तिथलीच. दालचिनीची फांदी छाटून साल काढून घेतली की पानं उरतात, आणि पानांच्या तेलात सर्वांत मोठा वाटा युजेनॉलचा असतो. साल विकायची आणि टाकाऊ पानांचं तेल गाळायचं, असा जोडधंदा एखाद्या गटाने केला तर तेलाचा खर्च वेगळ्या पायावर उभा राहील. तरीही ते शेतभर पुरणार नाही, रोपवाटिकेला पुरेल.

नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक?

मासे हाताळताना त्यांना गुंगी आणण्यासाठी जगभर लवंगेचं तेल पाण्यात टाकतात. हे आपण पहिल्या पावसात आठवलं पाहिजे. ओहोळातून खाचरात चढणारे वलगणीचे मासे, बांधावरच्या चिंबोऱ्या, बेडकं यांच्या पाण्यात युजेनॉल गेलं, तर ते झाडापासून आलंय म्हणून सौम्य ठरणार नाही. ही तेलं डोळ्यांना झोंबतात, काहींच्या त्वचेवर पुरळ उठवतात. दहा टक्क्यांचं मिश्रण पाठीवर घेऊन उन्हात फवारणाऱ्या माणसाला चष्मा, हातमोजे आणि तोंडावर फडकं लागतंच. पीक आणि तण हा भेदही तेलाला कळत नाही, हिरवं ते सगळं करपतं. आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी यांच्या जुड्या बाजारात येतात, त्या याच बांधांवरून. कुठलं हिरवं मारायचं हे ठरवणाऱ्याने भाजी खुडणाऱ्या बाईला विचारायला हवं.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या घरगुती कृतींत तेलाबरोबर मूठभर मीठ घालायला सांगतात. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला यातला धोका सांगावा लागू नये. उधाणाने बांधाला खांड पडून शेतात खारं पाणी शिरलं की ती जमीन गोडी करायला किती पावसाळे जातात, हे इथली माणसं जाणतात. मीठ तण मारतं ते जमिनीसकट.

कायद्याची बाजूही आहे. अमेरिकेत लवंग, दालचिनी, गवती चहा, सिट्रोनेला यांची तेलं १९९६पासून कमी जोखमीच्या यादीत आहेत, त्यामुळे तिथे अशी तणनाशकं दुकानात सहज मिळतात. भारतात कुठलंही तणनाशक विकायचं तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. 'हर्बल' लिहिलेल्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि घटकांचं प्रमाण नसेल, तर ती घेऊ नये. आत खरोखर काय आहे, हे तुम्हाला कळायचा दुसरा मार्ग नाही.

वासातून सापडलेली कुलपं

तेलांचं सर्वांत मोठं योगदान कदाचित बाटलीबाहेर आहे. १९७७मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीच्या संशोधकाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवतं. लाल ब्रशासारख्या फुलांचं हे झाड आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात शोभेला लावतात. त्यातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडलं, त्याच्या रचनेवरून मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक घडवलं गेलं आणि ते २००१च्या सुमारास बाजारात आलं. निलगिरीसारख्या झाडांत आढळणाऱ्या सिनिओल गटातल्या द्रव्यावरून १९८०च्या दशकात सिनमेथिलिन बनलं. ते आशियात भातातही वापरलं गेलं. ते वनस्पतीतलं नेमकं कुठलं कुलूप फोडतं हे २०१८मध्ये उलगडलं: मेदाम्लं तयार करणारं एक विकर. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या तणासाठी त्याचा पुन्हा विचार झाला तो यामुळे.

इथे 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' ही सरळ वाटणी मोडते. झाडाने सुचवलं, माणसाने बदललं आणि जे तयार झालं ते सेंद्रिय शेतीत चालत नाही.

मग किहीममध्ये जागा कुठे?

माझ्या मते सुगंधी तेल हे कोवळ्या तणाचं औषध आहे, आणि त्याला जागा द्यायची तर जिथे तण कोवळं मिळतं तिथे. शेतभर फवारणी हा त्याचा उपयोग नव्हे.

पहिली जागा पांढऱ्या कांद्याची रोपवाटिका. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर त्याच जमिनीत तो होतो आणि वेण्या बांधून विकला जातो. कांद्याच्या कोवळ्या रोपाची पात बारीक आणि सरळ, सावली न देणारी, त्यामुळे तण त्याला लगेच गाठतं. उभ्या कांद्यात तेल मारण्याचे प्रयोग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने केले आहेत, पण पिकालाही इजा होण्याची भीती तिथे असतेच. त्यापेक्षा बी टाकण्याआधी गादीवाफा भिजवावा, तण दोन पानांवर येऊ द्यावं, कोरड्या दिवशी सकाळी तेल फवारावं, वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस थांबावं आणि माती न उकरता बी टाकावं. राब भाजून आजोबा जे साधत होते, ते इथे धुराशिवाय साधतं. जागा एक-दोन गुंठ्यांची, म्हणून हिशेबही बसतो.

दुसरी जागा बंगल्यांच्या वाटा, फरशांच्या फटी, विहिरीचा काठ सोडून पलीकडचं आवार. तिथे पीक नाही, फक्त नको असलेली रोपं आहेत, आणि आज तिथेच डोळे झाकून जहाल औषध मारलं जातं.

बाकी वाडीसाठी झावळ्या, नारळाची सोडणं, पेंढा यांचं आच्छादन आणि खाचरासाठी पाणी. लव्हाळ्याला गाठीसकट काढणं. पावसाळ्यात तर तेलाचा विचारही करू नये. दोन हजार मिलिमीटरवर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर पानावरचं तेल टिकणार किती?

आणि कुणाला स्वतः पडताळायचं असेल, तर किहीमनेच त्याची रीत घालून दिली आहे. १९३०मध्ये नोकरी गमावलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली इथे राहायला आले आणि सुगरणीच्या वसाहतीसमोर आडोसा करून दिवसचे दिवस बसले. नर अर्धं घरटं विणतो, मग मादी येऊन ते पसंत करते, आणि तोच नर पुढचं घरटं विणायला घेतो, हे त्यांना घाईने पाहून कळलं नसतं. त्याच सुगरणी आजही बांधावरच्या गवताचं बी टिपतात. तसं आपणही करावं. वाफ्याचे चार तुकडे खुंट्या ठोकून वेगळे करावेत. एकावर तेल, एकावर नुसतं पाणी आणि साबण, एक हाताने बेणलेला, एक तसाच सोडलेला. दुसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि महिन्याने तण उपटून, मोजून वहीत लिहावं. तेलाचं मोल वहीतली मधली नोंद सांगेल.